पन्नास गुणांचा घोळ: 'क्लासरूम ऑफ द एलिट'मधल्या डोकेबाजांची तुलना आली कुठून

'क्लासरूम ऑफ द एलिट' या जपानी कादंबरीमालिकेतल्या (आणि तिच्यावरच्या अॅनिमेतल्या) शाळेत सर्वांत हुशार कोण, हा विषय निघाला की ठरलेली यादी समोर येते. आयानोकोजी पहिला, साकायानागी दुसरी, मग ऱ्यूएन, त्याखाली होरिकिता आणि इचिनोसे. कोएन्जीला कुठे बसवायचं यावर थोडी खणाखणी होते. याद्या बहुतेक सारख्याच असतात, त्यांचा आधार मात्र दर वेळी वेगळा. कुणी गुण बघतं, कुणी जिंकलेल्या परीक्षा मोजतं, तर कुणी गच्चीवरची मारामारीसुद्धा बुद्धीच्या खात्यात जमा करतं. हा गोंधळ चाहत्यांनी केलेला नाही. तो नावापासूनच आहे.

मूळ जपानी नावात 'एलिट' हा शब्दच नाही. तिथे आहे 'जित्सुऱ्योकु', आणि नावाचा अर्थ साधारण 'जित्सुऱ्योकु हेच सर्वश्रेष्ठ मानणाऱ्या वर्गात स्वागत' असा होतो. 'जित्सु' म्हणजे खरं, प्रत्यक्षातलं आणि 'ऱ्योकु' म्हणजे बळ. मराठीत याला 'गुणवत्ता' म्हणावं तर डोळ्यांपुढे गुणवत्ता यादी उभी राहते, 'कर्तबगारी' म्हणावं तर पूर्ण झालेलं काम अभिप्रेत होतं. 'कुवत' बरा, पण त्यात धमक येत नाही. जपानीत हा शब्द दोन्ही टोकांना वापरतात. नुकत्याच शिकवलेल्या धड्यांपुरती न राहता एकूण तयारी तपासणारी परीक्षा ती 'जित्सुऱ्योकु तेस्तो'. आणि बोलणी फिसकटल्यावर कुणी बळाचा वापर केला, तर तिथेही हाच शब्द येतो. म्हणजे ऱ्यूएनने माणसं पाठवून धाक दाखवणं, पाणी ओतून छळणं, हे या शब्दाच्या कक्षेत चपखल बसतं, बुद्धिमत्तेच्या कक्षेत बसत नाही. शाळा काय मोजते ते नावात सांगितलेलं आहे. आपण मोजायला बसतो ते वेगळंच काही.

इंग्रजी नावात 'एलिट' आला आणि रोख मापावरून माणसांवर गेला. शाळेतली 'अ' ते 'ड' ही वर्गवारी म्हणजे हुशारीची उतरंड, असा समज त्यातून सहज होतो. तो पहिल्याच खंडात मोडीत निघतो. होरिकिता अभ्यासात वरच्या रांगेतली, कोएन्जी अभ्यासात आणि शरीरानेही तगडा, तरी दोघंही सगळ्यांत खालच्या 'ड' वर्गात, आयानोकोजीच्याच. होरिकिता शिक्षिकेला जाब विचारते तेव्हा हाच मुद्दा समोर येतो: फक्त गुणांवर वर्ग ठरतो, असं शाळेने कधी म्हटलेलंच नाही.

या सगळ्यामागे जपानी शाळांचा जुना संदर्भ आहे, तो थोडक्यात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस टोकियोतल्या एका शिक्षकाने विद्यार्थ्याला कोणत्या शाळेत प्रवेश मिळेल याचा अंदाज बांधण्यासाठी 'हेन्साची' हे माप शोधलं. गुणांतून सरासरी वजा करायची, उरलेल्या आकड्याला प्रमाण विचलनाने भागायचं, दहाने गुणायचं आणि पन्नास मिळवायचे. या मापात ५० म्हणजे बरोबर मधला विद्यार्थी. पण पेपरातले ५० गुण म्हणजे हेन्साची ५० नव्हे. सरासरी ६५ आणि विचलन १५ असेल तर ५० गुणांचं हेन्साची ४० येतं, म्हणजे पर्सेंटाइल जेमतेम १६. पुढे या आकड्याची इतकी दहशत बसली की १९९३मध्ये खासगी कंपन्यांच्या सराव परीक्षा माध्यमिक शाळांतून हटवाव्या लागल्या. आकड्याविषयीचा हा संशय २०१५ साली सुरू झालेल्या या कादंबरीमालिकेला आयता मिळाला.

आयानोकोजीला प्रवेश परीक्षेत पाचही विषयांत बरोबर ५० गुण पडले. 'त्याने स्वतःला सरासरी दाखवलं' असं यावर सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. लपायचं असतं तर ४७, ५८, ५२, ६१ असे विस्कळीत गुण घ्यायचे. पाच वेळा तोच आकडा हा लपण्याचा नव्हे, उठून दिसण्याचा प्रकार आहे. तो साधायला प्रत्येक प्रश्नाला किती गुण ते ओळखता यावं लागतं आणि सोडवलेलं उत्तर शंभर टक्के बरोबर असल्याची खात्री लागते. वर गणितात फक्त ३ टक्के मुलांना जमलेला प्रश्न त्याने रीतीसकट बरोबर सोडवला आणि ७६ टक्क्यांना आलेला चुकवला. उत्तरपत्रिका हातात घेणाऱ्या कुणाच्याही लक्षात येईल, आणि शाळेत येतंच. तेव्हा हे ५० बुद्धीचा पुरावा म्हणून चालतील, धूर्तपणाचा म्हणून नाही. धूर्तपणात ती चूकच होती.

गुणांवरून तुलना का कोसळते, हे सहामाहीच्या इंग्रजी पेपरात दिसतं. नापासाची रेषा ठरलेली नव्हती. वर्गाची सरासरी भागिले दोन, हे तिचं सूत्र. सरासरी आली ७९.६, निम्मे ३९.८, पूर्णांकात ४०. वर्गमित्र सुदोला ३९. रेषा खाली यावी म्हणून होरिकिताने मुद्दाम ५१ गुणांवर पेपर सोडला होता. वर्ग ४० जणांचा, म्हणून एकाने एक गुण सोडला की सरासरी ०.०२५ने आणि रेषा त्याच्या निम्म्याने उतरते. ती ९५ गुण घेऊ शकत होती असं धरलं तर तिच्या ४४ गुणांच्या त्यागाने रेषा ४०.३५वरून ३९.८वर आली, म्हणजे पूर्णांकात जिथल्या तिथे. रेषा ३९वर आणायला सरासरी ७९च्या खाली हवी होती, त्यासाठी वर्गाने मिळून आणखी २४हून थोडे जास्त गुण सोडायला हवे होते. कल्पना अचूक होती, पण एकटीच्या बळावर ती पेलणारी नव्हती. शेवटी एक गुण एक लाख पॉइंटांना (शाळेत पैशासारखे चालणारे) विकत घेतला आणि सुदो शाळेतून काढला जाण्यापासून वाचला. आता होरिकिताचे ५१ तिची हुशारी दाखवतात की कमजोरी? गुणतक्ता यावर गप्प आहे.

खरा अन्याय होतो तो 'क' वर्ग चालवणाऱ्या ऱ्यूएनवर, निर्मनुष्य बेटाच्या परीक्षेत. आठवडाभराच्या मुक्कामाला प्रत्येक वर्गाला ३०० गुण मिळाले होते. दुसऱ्या वर्गाचा म्होरक्या ओळखला तर ५० जमा, चुकला तर ५० वजा. निकाल लागला: 'ड' २२५, 'ब' १४०, 'अ' १२०, 'क' शून्य. हा शून्य सगळ्या याद्यांत ऱ्यूएनच्या माथी मारला जातो. पण त्याने 'अ' वर्गाच्या कात्सुरागीशी केलेला करार वाचायला हवा. 'क'ने आपल्या गुणांतून घेतलेलं सामान 'अ'ला द्यायचं आणि बदल्यात 'अ'मधल्या प्रत्येकाने शाळा संपेपर्यंत दरमहा २०,००० खासगी पॉइंट ऱ्यूएनला द्यायचे. चाळीस जणांचे महिन्याला ८ लाख. वर्गाच्या खात्यात जमा होणाऱ्या एका गुणाला, म्हणजे वर्ग-गुणाला, प्रत्येक विद्यार्थ्यामागे महिना १०० पॉइंट मिळतात, म्हणजे ८ लाख ही बरोबर २०० वर्ग-गुणांची कमाई, आणि ती कुठल्याही निकालाने कापली न जाणारी. अडीच वर्षांत २ कोटी ४० लाख. वर्ग बदलायची किंमत २ कोटी. परीक्षेत शून्य घेऊन त्याने 'अ' वर्गाचं तिकीट आधीच पदरात पाडून घेतलं होतं.

आयानोकोजीचा डाव तिथे सरस ठरला तो नियमाच्या एका फटीमुळे. सबळ कारण असेल तर म्होरक्या बदलता येतो. आजारी होरिकिताला ३० गुणांचा दंड सोसून माघारी पाठवलं आणि म्होरक्या तो स्वतः झाला, त्यामुळे तिचं नाव लिहिणारे दोन्ही वर्ग चुकले. सुंदर डाव आहे, पण त्याचं श्रेय त्याने होरिकिताच्या नावावर टाकलं. म्हणून आखणी एकाची, नाव दुसरीचं आणि अंमलबजावणी तिसऱ्याच कुणाच्या हातून, असे तुकडे इथून पुढे कायम होत राहतात. नंतरच्या जहाजावरच्या परीक्षेत बारा राशी-प्राण्यांच्या गटांतला लपलेला 'खास' विद्यार्थी ओळखायचा होता. प्राण्याचा क्रम जितका, तितक्याव्या क्रमांकाचं नाव जपानी वर्णानुक्रमात शोधायचं, ही किल्ली ऱ्यूएनने स्वतः शोधली. यादीत हे कुणी लिहीत नाही.

याचं एक कारण निवेदनात आहे. कादंबरी मुख्यतः आयानोकोजीच्या तोंडून घडते, आणि तो वाचकालाही सगळं सांगत नाही. बाकीच्यांच्या चुका आपल्याला त्या त्या क्षणी दिसतात. त्याच्या चुका दिसतात त्या त्याने दाखवल्या तरच. २०१७च्या अॅनिमेच्या बारा भागांत हे निवेदन पातळ झालं आणि शेवटच्या भागातला उलगडा तेवढा डोळ्यांत भरला. पुढचा सीझन यायला २०२२ उजाडलं. या पाच वर्षांत फक्त अॅनिमे पाहिलेल्यांनी बेटाच्या निकालावर याद्या पक्क्या करून टाकल्या. साकायानागी तोवर जवळपास दिसलीही नव्हती.

तिच्याशी आयानोकोजीची तुलना ठरते ती पहिल्या वर्षअखेरच्या बुद्धिबळावर, म्हणजे पडद्यावर २०२४मध्ये. दोघांच्या वर्गांमधल्या सात स्पर्धांत ३-३ अशी बरोबरी, सातवी बुद्धिबळाची. पटावर होरिकिता आणि 'अ' वर्गातला हाशिमोतो, मागून चाली सांगणारे आयानोकोजी आणि साकायानागी. शाळेच्या प्रभारी संचालकाने आयानोकोजीची निर्णायक चाल वाटेतच बदलली आणि 'अ' वर्ग ४-३ने जिंकला. हा निकाल दोघांपैकी कुणाच्याच पारड्यात टाकता येत नाही. तरी टाकतात.

शाळेचं स्वतःचं अधिकृत माप आलं ते दुसऱ्या वर्षी (हे खंड २०२०पासूनचे), विद्यार्थी परिषदेच्या नव्या अध्यक्षाच्या पुढाकाराने. त्यात अभ्यास, शरीर, प्रसंगावधान आणि सामाजिक योगदान असे चार रकाने. पहिले तीन पूर्ण, चौथा निम्मा, बेरजेला ३५०ने भागून शंभराने गुणायचं. आयानोकोजीचे पहिल्या वर्षाचे आकडे ५१, ६०, ३७ आणि ६०. बेरीज १७८, एकूण ५१. पुन्हा पन्नासच्या आसपास. कारस्थानी डोक्याला जवळचा रकाना प्रसंगावधानाचा, आणि तिथे त्याला ३७, कारण त्या रकान्यात मित्रमंडळ आणि बोलण्याचालण्याची हातोटीही धरलेली आहे. जन्मजात हृदयविकारामुळे काठीच्या आधाराने चालणाऱ्या साकायानागीच्या हिशेबातही ३५०पैकी १०० गुण शरीराच्या रकान्याचेच असतात. त्याच वर्षाच्या शेवटी ती ऱ्यूएनकडून हरून शाळेबाहेर पडते, आणि तिच्या वर्गाची सूत्रं घ्यायला आयानोकोजी तिकडे जातो.