रिव्हॉल्वरवाला सिनेमा आणि ड्रोनवाला सिनेमा

पॅरिसबाहेरच्या वस्त्या, पोलिस आणि पेटलेल्या गाड्या असा विषय निघाला की दोन फ्रेंच सिनेमांची हमखास सरमिसळ होते: मात्यू कासोवित्झचा 'ला एन' (1995) आणि लाद्ज लीचा 'ले मिझेराब्ल' (2019). होणारच. दोन्हींची गोष्ट एक-दोन दिवसांत आटोपते, दोन्ही कान महोत्सवात गाजले (पहिल्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक, दुसऱ्याला ज्युरी पारितोषिक, तेही विभागून) आणि दोन्ही रोखलेल्या पिस्तुलावर येऊन थांबतात. दुसऱ्याचं नाव व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून आहे, पण त्यात कादंबरीच्या नायकाला, जाँ व्हालजाँला, शोधत बसू नका. ह्यूगोने कादंबरीतल्या थेनार्दिएची खानावळ जिथे ठेवली त्या पॅरिसजवळच्या मोंफेर्मेईत हा सिनेमा घडतो, हे खरं नातं.

सोपी खूण हवी तर रंग. 'ला एन' कृष्णधवल आहे. पण खरा फरक कॅमेरा कोणाच्या बाजूला बसलाय याचा आहे.

1993 मध्ये पॅरिसच्या एका पोलिस ठाण्यात चौकशी चालू असताना 17 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोळी लागून तो मेला. 'ला एन'चं बीज तिथलं. सिनेमात पोलिसांच्या मारहाणीमुळे अब्देल नावाचा मुलगा कोमात आहे, आदल्या रात्री दंगल झालीय आणि त्या गोंधळात एका पोलिसाचं रिव्हॉल्वर हरवलंय. ते सापडतं विन्झला. विन्झ ज्यू, उबेर कृष्णवर्णीय, सईद अरब. दिवसभर आपण या तिघांबरोबर भटकतो. पोलिस येतात ते समोरून, परके म्हणून.

'ले मिझेराब्ल'मध्ये उलट आहे. आपण पोलिसांच्याच गाडीत बसतो, साध्या वेशातल्या तिघांबरोबर: क्रिस, ग्वादा आणि स्तेफान. त्यातला स्तेफान नवा, आजच रुजू झालेला. सर्कशीतला सिंहाचा छावा चोरणाऱ्या इसा या पोराला पकडताना ग्वादा रबरी गोळी थेट त्याच्या तोंडावर झाडतो. ग्वादा स्वतः कृष्णवर्णीय आहे, हे महत्त्वाचं. इथला वंशवाद एकट्या तोंडाळ क्रिसच्या डोक्यात नाही, गस्तीच्या रोजच्या रीतीत मुरलेला आहे. पुढचा भाग मला जास्त हादरवून गेला. वरून एका पोराचा ड्रोन हे सगळं टिपतोय असं कळताच इसा जखमी पडलेला असताना धावपळ सुरू होते ती दवाखान्यासाठी नाही, चित्रीकरण हस्तगत करण्यासाठी.

म्हणजे 1995 मध्ये वस्तीतल्या पोराच्या हाती पोलिसांचं हत्यार लागल्याची धास्ती होती. 2019 मध्ये धास्ती आहे त्याच्या हातातल्या कॅमेऱ्याची. 'ला एन'मध्ये कॅमेरा असतो टीव्हीवाल्यांकडे. बातमीदार गाडीतून न उतरताच पोरांना दंगलीबद्दल विचारतात, आणि हे काही तुआरी नव्हे, असं त्यांना सुनावलं जातं. (तुआरी म्हणजे गाडीत बसून प्राणी बघायचं पॅरिसजवळचं उद्यान.) लाद्ज ली त्या गाडीच्या बाहेर वाढलेला. 2008 मध्ये मोंफेर्मेईत पोलिसांनी केलेली मारहाण त्याने स्वतः टिपली होती, आणि सिनेमात ड्रोन उडवणारा मुलगा त्याचाच मुलगा आहे.

हे दोन सिनेमे लागोपाठ बघितले तर एक प्रसंग वेगळाच दिसू लागतो. 'ला एन'मध्ये दोन पोलिस सईद आणि उबेरला खुर्चीत डांबून छळतात, शिव्या घालतात. बाजूला एक नवशिका पोलिस बसलाय, धडे घेत. त्याचा चेहरा पडतो, पण तो हूं की चूं करत नाही. कासोवित्झ त्याला काही सेकंद देतो आणि पुढे निघून जातो. लीचा अख्खा सिनेमा जणू त्याच माणसाला नायक करतो. कामावरचा पहिला दिवस, सगळं डोळ्यांसमोर, आता तू काय करणार? स्तेफान बराच बरा वागतो, तरी शेवटी जिन्यात इसा पेटती बाटली घेऊन उभा असतो तेव्हा पिस्तूल रोखलेलं असतं ते स्तेफाननेच. तिथेच सिनेमा तुटतो. 'ला एन'मध्ये मात्र विन्झ आधीच मेलेला असतो, पोलिसाच्या हातून 'चुकून' सुटलेल्या गोळीने, आणि शेवटी आणखी एका गोळीचा आवाज येतो. म्हणून 'ला एन' मला जास्त निराश वाटतो आणि 'ले मिझेराब्ल' जास्त संतापलेला.

जून 2023 मध्ये पॅरिसजवळच्या नांतेरमध्ये गाडी अडवून पोलिसाने 17 वर्षांच्या मुलाला गोळी घातली. मुलाने गाडी अंगावर घातली, असं आधी सांगितलं गेलं. मग रस्त्यावरच्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ बाहेर आला, त्यात पोलिस गाडीच्या बाजूला उभे दिसत होते, आणि देशभर रात्री पेटल्या.