मत्स्यजीनोममधील रायबोसोमी जनुककुलांची उत्क्रांती

पेशीतील प्रथिननिर्मितीचे काम रायबोसोम करतात आणि त्यांचा गाभा असलेला आरएनए ज्या जनुकांपासून तयार होतो, ती जनुके माशांच्या जीनोममध्ये (संपूर्ण जनुकसंचात) एकेकटी नसतात, तर एकापुढे एक अशा शेकडो, क्वचित हजारो प्रतींच्या रांगांनी वसलेली असतात. या प्रतींची संख्या, त्यांची गुणसूत्रांवरील जागा आणि त्यांच्यातील साम्य उत्क्रांतीच्या ओघात कसे बदलत गेले, हा या नोंदीचा विषय आहे.

अशा सारख्या प्रतींच्या समूहाला जनुककुल म्हणतात आणि ही कुले दोन आहेत. त्यांच्या नावांतील ‘एस’ हे रेणू किती वेगाने तळाशी बसतो हे सांगणारे, साधारणपणे त्याच्या आकाराशी निगडित एकक आहे. ‘४५ एस’ कुलाच्या प्रत्येक प्रतीत १८ एस, ५.८ एस आणि २८ एस ही तीन जनुके असतात. त्यांचे लिप्यंतरण, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणे, आरएनए पॉलिमरेझ १ हे विकर करते आणि केंद्रिका, म्हणजे पेशीकेंद्रातील रायबोसोम घडण्याची जागा, याच जागांभोवती तयार होते. ‘५ एस’ जनुक सुमारे १२० बेसांचे (डीएनएच्या अक्षरांचे), म्हणजे अगदी लहान असून ते पॉलिमरेझ ३ च्या ताब्यात असते. दोन लगतच्या प्रतींमध्ये लिप्यंतरित न होणारा अंतरखंड असतो. बहुतेक माशांत ही दोन्ही कुले वेगवेगळ्या जागी आढळतात.

जनुकाचा भाग नैसर्गिक निवडीच्या दाबाखाली असल्याने तो फारसा बदलत नाही, हे समजण्यासारखे आहे. कोडे आहे ते अंतरखंडाचे. झेनोपस या बेडकाच्या दोन जातींवरील डोनाल्ड ब्राउन आणि सहकाऱ्यांच्या १९७२ मधील अभ्यासात असे दिसले, की अंतरखंड एका जातीच्या सर्व प्रतींत जवळजवळ सारखे असतात, दुसऱ्या जातीत मात्र निराळे. प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे बदलत असती, तर असे झाले नसते. रांगा किंचित सरकून जुळल्यामुळे होणारा असमान विनिमय आणि एका प्रतीने दुसरीवर आपला क्रम लादणारे जनुक रूपांतरण यांमुळे एखादा बदल एकतर सर्व प्रतींत पसरतो, नाहीतर पुसला जातो. यालाच समन्वित उत्क्रांती म्हणतात. पाठ्यपुस्तके तिथेच थांबतात. माशांच्या ५ एस कुलाबाबत मात्र हे निम्मेच खरे आहे. अनेक माशांत अंतरखंडाच्या लांबीवरून ओळखता येणारे ५ एसचे दोन प्रकार एकाच जीनोममध्ये शेजारी नांदतात, तर काही प्रती निकामी होऊन छद्मजनुके म्हणून उरतात. येथे उत्क्रांतिशास्त्रज्ञ मासातोशी नेई यांनी पुरस्कारलेले जन्म-मृत्यू प्रतिमान, म्हणजे नव्या प्रती तयार होणे आणि जुन्या नाहीशा होणे, अधिक लागू पडते.

झेब्राफिशमध्ये तर अंड्यासाठी एक आणि प्रौढ शरीरासाठी दुसरा असे रायबोसोमी आरएनएचे वेगळे प्रकार आहेत, आणि त्यांची जनुकेही वेगळ्या जागी आहेत. युरोपातील पाइक माशात ५ एसच्या प्रती वीस हजारांहून अधिक झाल्या असून त्या तीस ते अडतीस गुणसूत्रांवर पसरल्या आहेत. आर-२ सारखे उड्या मारणारे घटक, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारे डीएनएचे तुकडे, २८ एस जनुकातच ठराविक जागी शिरतात, हा आणखी एक हस्तक्षेप.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आणि हिडकल जलाशयातली घटप्रभा या कृष्णेच्या उपनद्या. कृष्णेच्या खोऱ्यात मूळचा दख्खनी महसीर आहे, तसेच जलाशयांत बाहेरून आणून सोडलेले रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासेही आहेत. बाजारातल्या एकाच टोपलीत रोहू आणि कटला ५० गुणसूत्रांचे, चिलापी (तिलापिया) ४४ गुणसूत्रांची आणि सायप्रिनस १०० गुणसूत्रांचा असा मेळ सहज पडतो. महसीराचीही गुणसूत्रे १०० आहेत. सायप्रिनसचा जीनोम दोन भिन्न पूर्वज जातींच्या संकरातून दुप्पट झाला. गुणसूत्रे दुप्पट झाली म्हणून रायबोसोमी जनुकांच्या सक्रिय जागाही दुप्पट राहतात असे मात्र नाही. काही गळतात, काही शांत पडतात, एका पूर्वजाच्या प्रती दुसऱ्याच्या प्रतींवर मातही करतात.

या जागा पाहण्याची जुनी पद्धत साधीच आहे. माशाला पेशीविभाजन मध्येच थांबवणारे कोल्चिसिन हे रसायन टोचून त्याच्या वृक्कातील (मूत्रपिंडातील) विभाजन पावणाऱ्या पेशी घेतात, त्या काचपट्टीवर पसरून सिल्व्हर नायट्रेटने रंगवतात. पिवळसर गुणसूत्रांवर काही ठिकाणी काळे ठिपके उमटतात. हा रंग विभाजनाआधीच्या टप्प्यात कार्यरत असलेल्या जागांवरच धरतो, म्हणून ठिपका नाही याचा अर्थ जनुक नाही असा होत नाही. निद्रिस्त जागांसाठी प्रदीप्त शोधक, म्हणजे जनुकाला चिकटून चमकणारे डीएनएचे तुकडे, वापरावे लागतात. महसीरासारख्या माशात शंभर बारीक गुणसूत्रांतून जोडी लावणे हे सरावाच्या डोळ्यांचेच काम आहे.

जीनोमवाचनातही हीच कुले सर्वांत त्रास देतात, कारण आखूड तुकडे जुळवताना शेकडो सारख्या प्रती एकावर एक कोसळून एकच दिसतात. लांब तुकडे वाचणारी तंत्रे आल्यावरच या रांगा बऱ्याच अंशी सलग दिसू लागल्या. त्याउलट अंतरखंडांचे जातीनिष्ठ वेगळेपण मत्स्यबीज केंद्रांना उपयोगी पडते: एकाच हौदात कटला आणि रोहू यांचे प्रजनन केले तर संकर होऊ शकतो, आणि पहिल्या पिढीतल्या अशा संकरित बोटुकलीत (बोटाएवढ्या पिलात) दोन्ही पालकांचे अंतरखंड सापडत असल्याने, बाह्य रूपावरून न ओळखता येणारी भेसळ पीसीआरने, म्हणजे डीएनएचा ठराविक भाग अनेक पटींनी वाढवून पाहण्याच्या तंत्राने, पकडता येते.