कोळंबीच्या सालीतला पॉलिमर

‘पॉलिमर’ म्हटलं की लोक नाक मुरडतात. परवा एका स्नेह्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, “आमच्याकडे पॉलिमर-बिलिमर नाही, सगळं सुती!” आता सुती धोतर म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. अशा लांबलचक रेणूमाळेलाच पॉलिमर म्हणतात. म्हणजे स्नेही पॉलिमरच नेसून बसले होते.

या सेल्युलोजचा सख्खा भाऊ रविवारी आपल्या ओट्यावर असतो आणि दुपारी कचऱ्यात जातो. तो म्हणजे कोळंबीच्या सालीतलं कायटिन. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते 1811 मध्ये अळंब्यांत सापडलं. खेकडे, झुरळं, भुंगे यांच्या कवचांतही तेच असतं.

दोन-चार सालं धुऊन रात्री पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकून बघा. बारीक बुडबुडे येतात. सालीतलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. सकाळी साल बोटांत घेतली तर ओल्या बटर पेपरसारखी लिबलिबीत लागते. उरलेलं असतं ते कायटिन आणि प्रथिनं. पुढे आठवडाभर ठेवलंत तरी कायटिन काही विरघळत नाही.

का नाही? सेल्युलोजच्या प्रत्येक मण्यात दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. कायटिनमध्ये त्या जागी नायट्रोजन असतो आणि त्याला ॲसिटिल गटाची टोपी घातलेली असते. माळा हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की पाण्याला आत शिरायला फटच मिळत नाही. आता हेच कायटिन 40 ते 50 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवा (घरी नको!). बहुतेक टोप्या उडतात, नायट्रोजनचे अमाइन गट उघडे पडतात आणि तयार होतं कायटोसान. आम्लात हा उघडा अमाइन गट एक प्रोटॉन (धन प्रभाराचा कण) उचलतो. माळेवर जागोजागी धन प्रभार येतो, माळा एकमेकींना ढकलतात, मध्ये पाणी घुसतं. ज्या व्हिनेगरला कायटिन दाद देत नव्हतं, त्याच व्हिनेगरमध्ये कायटोसान विरघळून मधासारखा दाट द्राव होतो. सामू (pH) साडेसहाच्या पुढे नेला की प्रभार जातो आणि फाटलेल्या दुधासारखा साका खाली बसतो.

सगळी करामत या धन प्रभाराची. गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. कायटोसान त्यांना गोळा करून तळाशी नेतं, तुरटी फिरवल्यासारखं. तांबड्या रक्तपेशींचा पृष्ठभागही ऋणच. म्हणून कायटोसानच्या पट्टीवर रक्त चटकन गोठतं. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने अशा पट्ट्या वापरल्या.

‘चरबी शोषून वजन घटवणाऱ्या’ कायटोसानच्या कॅप्सूलही विकल्या जातात. चाचण्यांत घटलेलं वजन नगण्य निघालं. हलका होतो तो खिसा.

मग प्लास्टिकऐवजी याच्याच पिशव्या का बनवत नाहीत? कायटोसानचा पातळ पापुद्रा पारदर्शक असतो, कोरडा असताना ऑक्सिजन चांगला अडवतो, पण ओलाव्याने फुगतो. फळांवर लेप द्यायला तो चालेल, त्यातून कालवण आणता येणार नाही. शिवाय ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवताना तो कॉस्टिक सोडा कुठे सोडला हेही विचारायला हवं.

कच्च्या मालाला तोटा नाही. डोकं आणि साल धरून कोळंबीचं जवळजवळ निम्मं वजन सोलण्यातच जातं. मुंबईच्या ससून डॉकवर बायका कोळंबी सोलतात तिथे बघितलं तर याची कल्पना येते. अडचण वेगळीच आहे. उन्हात ही सालं काही तासांत कुजू लागतात, म्हणून ती लगेच वाळवावी लागतात किंवा बर्फात घालावी लागतात.