शेकाट्या

उथळ पाण्यात चालत भक्ष्य टिपणारा, लांबसडक गुलाबी पायांचा पाणपक्षी. शास्त्रीय नाव हिमँटोपस हिमँटोपस. कोल्हापुरात रंकाळा, कळंबा तलाव आणि पंचगंगेकाठच्या पाणथळ जागी तो दिसतो. लांबी सुमारे ३५ ते ४० सेंमी. शरीराच्या मानाने इतके लांब पाय, रोहित (फ्लेमिंगो) सोडला तर, क्वचितच दुसऱ्या पक्ष्याला असतात. मागचे बोट त्याला नसतेच.

ओळखायला पाय आणि चोच पुरेत. चोच काळी, सरळ, सुईसारखी. पंख काळे, पोट पांढरे. उडताना पाय शेपटीच्या बरेच मागे लांबतात. नवख्यांची गल्लत होते ती डोक्यामुळे. कुणाचे डोके पांढरेशुभ्र, कुणाच्या मानेवर राखी किंवा काळा पट्टा, आणि एकाच थव्यात हे सगळे नमुने दिसू शकतात. डोक्यावरून नर-मादी ठरवू नये. त्यासाठी पाठ पाहावी, तीही चांगल्या उजेडात: नराची काळी कुळकुळीत, हिरवट झाक मारणारी, मादीची तपकिरी. कोवळ्या पक्ष्यांच्या तपकिरी पिसांना फिकट कडा असतात. याच कुलातल्या उचाट्याची चोच टोकाला वर वळलेली आणि पाय निळसर राखी असतात.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७५८ मध्ये शेकाट्याला चिखल्यांच्या (प्लोव्हर पक्ष्यांच्या) प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात (जीनस), घातले होते; फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ ब्रिसाँने १७६० मध्ये त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली. कुल रिकर्व्हिरोस्ट्रिडी. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले शेकाटे याच जातीच्या उपजाती मानायचे की स्वतंत्र जाती, यावर मतभेद आहेत. त्यांच्यातला ठळक फरक डोक्या-मानेवरच्या काळ्या रंगाचा, आणि तोच रंग आपल्याकडे एका थव्यातही बदलतो. न्यूझीलंडमध्ये तर तिथल्या दुर्मीळ काळ्या शेकाट्याचा पांढऱ्या-काळ्या शेकाट्याशी संकरही होतो. नुसत्या रंगावर जात ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

आपल्याकडे तो बराचसा स्थानिक भटक्या. पाय बुडतील इतकेच पाणी त्याला मानवते. उन्हाळ्यात तलाव आटून काठाला चिखल उघडा पडला की किडे, अळ्या, गोगलगायी टिपायला थवे उतरतात. पाणी चढले की दुसरी उथळ जागा गाठतात. त्यामुळे एखाद्या तळ्यावर वर्षभर फिरकला नाही म्हणून तो तिथून नाहीसा झाला, असे समजू नये.

घरटे पाण्यालगत उघड्यावर, अंडी बहुधा चार. नर-मादी दोघेही उबवतात. ऊन कडक असेल तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंड्यांवर बसतात, आणि पाणी वाढू लागले तर काड्या-खडे रचून घरटे उंच करतात.