अंदमानला स्कूबा शिकायचंय? तिकीट काढायच्या आधी हे वाचा

आम्ही नाशिकमध्ये स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलेंडर घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकवतो. दिवाळी जवळ आली की आमच्या ऑफिसात एकच फोन पुन्हा पुन्हा येतो. "सर, अंदमानची तिकिटं काढून झालीत, पाच दिवसांचं पॅकेज आहे, त्यात तेवढा स्कूबाचा कोर्स बसवून द्या." आम्ही तारखा बघतो आणि बहुतेक वेळा नाही म्हणतो. सुट्टीच्या उत्साहात असलेल्या माणसाला नाही म्हणणं आम्हालाही जड जातं. म्हणून हे पत्रक काढलंय.

आधी एक गोष्ट. मालवणला किंवा तारकर्लीला तुम्ही पाण्याखाली फोटो काढून आला असाल, तर तो स्कूबाचा अनुभव होता. तिथे इन्स्ट्रक्टर शेवटपर्यंत तुम्हाला धरून असतो. छान असतो तो, पोहता न येणाऱ्यांनीही जरूर घ्यावा. पण कोर्स वेगळा. 'ओपन वॉटर' कोर्समध्ये थिअरी, पूलमधला सराव आणि समुद्रात ४ डाइव्ह असतात, आणि त्या ४ डाइव्ह एका दिवसात उरकता येत नाहीत, निदान २ दिवसांत विभागाव्या लागतात. कोर्स पूर्ण केल्याचं कार्ड मिळालं की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत तुम्ही स्वतः उतरू शकता, जगात कुठेही.

आता तिकिटांकडे येऊ, कारण सगळं तिथेच अडतं.

नेहमीचं पॅकेज असं असतं: पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) आणि सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी जवळपासची बेटं, तिसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप म्हणजे जुनं हॅवलॉक, चौथा दिवस मोकळा, पाचव्या दिवशी परतीचं विमान. डाइव्हसाठी हाताशी एकच दिवस उरतो. मग विचारणा होते, "पाचव्या दिवशी पहाटे दोन डाइव्ह उरकू आणि दुपारचं विमान पकडू, चालेल ना?" नाही चालणार. लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा नियम आहे. आम्ही २४ तास धरतो.

हा नियम आमच्या सोयीचा नाही, शरीराचा आहे. १० मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. त्या दाबात आपण जी हवा ओढतो तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि सांध्यांत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे निघून जातो, पण सावकाश, तासन् तास घेऊन. विमानाच्या केबिनमधली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे सकाळी समुद्रात १८ मीटर खाली आणि दुपारी कळसूबाईच्याही वर! अंगातला उरलेला नायट्रोजन मग बुडबुडे होऊन बाहेर पडू बघतो. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, क्वचित माणूस लुळाही पडतो. "मित्राने केलं होतं, त्याला काही झालं नाही," असं कोणी सांगितलं तरी आमचं उत्तर बदलत नाही.

गंमत म्हणजे त्याच पाच दिवसांत कोर्स बसतो, फक्त क्रम उलटा हवा. सकाळच्या विमानाने उतरायचं आणि त्याच दिवशी बोटीने स्वराज द्वीप गाठायचं. दुसरा आणि तिसरा दिवस समुद्रात. चौथ्या दिवशी बोटीने परत, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम. पाचव्या दिवशी घरी. भगूर आपल्या शेजारी, त्यामुळे नाशिककर अंदमानला जाऊन सावरकरांच्या कोठडीसमोर उभा राहिल्याशिवाय परत येत नाही, आणि तसंच व्हायला हवं. फक्त पाणी आधी आणि जेल नंतर ठेवा. एक दिवस हाताशी जास्त असेल तर उत्तमच, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात.

हे जमतं ते थिअरी आणि पूलचा भाग इथे नाशिकमध्ये उरकला तरच. सगळंच बेटावर करायचं म्हटलं तर तीन ते चार दिवस तिथेच जातात, त्यातला बराचसा पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसून. आम्ही तो भाग चार रविवारांत इथे करून घेतो आणि तसं पत्र देतो. ते १२ महिने चालतं, त्यामुळे आज शिकून मार्चमध्ये गेलात तरी हरकत नाही. चार रविवार कशाला, एकाच शनिवार-रविवारात उरका, असाही आग्रह होतो. आम्ही करत नाही. गेल्या मोसमात सिडकोतलं एक जोडपं आलं होतं. वहिनींना मास्कमध्ये (डोळे आणि नाक झाकणारा पाण्याखालचा चष्मा) पाणी शिरलं की घाबरायला व्हायचं. दोन रविवार आम्ही तेवढंच केलं: मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान थोडी वर, नाकाने श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जातं. तिसऱ्या रविवारी त्यांनी मास्क पूर्ण काढून परत लावला. घाईच्या दोन दिवसांत हे झालं नसतं.

पोहण्याबद्दल. कोर्ससाठी न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यायला हवं. वेगाची अट नाही. गोदावरीत घाटावरून उड्या मारत शिकलेली मंडळी यात सहज पास होतात, पण त्यांना एक सवय मोडावी लागते: पाण्यात शिरलं की श्वास कोंडण्याची. स्कूबात श्वास कधीच रोखायचा नसतो. कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. म्हणून पहिल्या दिवशी मी समोर बसून फक्त तुमचे बुडबुडे बघतो. थांबले की खांद्यावर टिचकी मारतो. (आणि सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते.)

तब्येतीचा फॉर्म घरी बसून, खरा भरा. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन यातलं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती नाशिकमध्ये घेणं सोपं, बेटावर ऐनवेळी डॉक्टर शोधण्यात सुट्टीचा एक दिवस जातो. गरोदरपणात डाइव्ह नाही. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत, तेव्हा त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही.

तेव्हा तिकिटाच्या आधी एक फोन करा. तारखा जुळवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, कोर्स आमच्याकडे केला नाहीत तरी. नोव्हेंबर ते मेमध्ये जाणार असाल तर दीड महिना आधी या. पहिल्या रविवारी येताना पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि चष्म्याचा नंबर आणा, नंबरचे मास्क आमच्याकडे आहेत. भरघोस मिशी असेल तर नाकाखाली बोटभर पट्टी कातरून या, नाहीतर मास्क गळतो.