थीटामागचं वर्गमूळ

इक्विटी डेरिव्हेटिव्हमध्ये, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या भावावर बेतलेल्या करारांमध्ये, उतरलेल्या दर १०० किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९१ जणांनी २०२४-२५ या आर्थिक वर्षात पैसे गमावले. सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने जुलै २०२५ मध्ये हे आकडे दिले. अशी बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘ऑप्शन विकत घेणाऱ्याला कसली भीती? फार तर प्रीमियम जाईल.’ ऑप्शन हा ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचा मुदतीचा हक्क, आणि प्रीमियम ही त्या हक्काची किंमत. वाक्य खोटं नाही. पण प्रीमियम जातो कसा आणि किती वेगाने, हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्हचं टर्मिनल हाताळायचं किंवा या व्यवहारांच्या विक्रीच्या कामावर राहायचं, तर एनआयएसएमची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स) सिरीज आठ ही परीक्षा द्यावी लागते. सेबीने २००६ मध्ये उभारलेल्या या संस्थेचं आवार आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे. परीक्षेत १०० प्रश्न, वेळ २ तास, उत्तीर्ण व्हायला ६० गुण आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. मुलं संज्ञांची यादी घोकतात. स्ट्राइक प्राइस म्हणजे करारात ठरलेला भाव. प्रीमियम म्हणजे ऑप्शनची किंमत. निफ्टी २५,००० वर असताना २४,८०० चा कॉल (त्या भावाने घेण्याचा हक्क) ३२० ला मिळत असेल, तर दोन भावांतला फरक २०० ही इन्ट्रिन्झिक व्हॅल्यू आणि उरलेल्या मुदतीसाठी मोजलेले १२० ही टाइम व्हॅल्यू. इथपर्यंत बेरीज-वजाबाकी आहे. मग येतो थीटा: ‘एक दिवस सरल्यावर प्रीमियममध्ये होणारी घट.’ व्याख्या पाठ होते, गुण मिळतात, आणि या यादीतली सगळ्यांत सुंदर गोष्ट तशीच मागे राहते.

बहुतेकांना वाटतं, प्रीमियम रोज सारखाच झिजतो. १६ दिवसांचा ऑप्शन ४०० ला घेतला तर रोज २५ जातील. तसं होत नाही. याचं कारण शेअर बाजारात शोधण्याआधी नाणेफेकीत शोधू.

छापा पडला तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर एक पाऊल मागे. १०० वेळा नाणं उडवल्यावर तुम्ही सुरुवातीच्या जागेपासून साधारण किती दूर असाल? १०० पावलं नाही, कारण बरीचशी पावलं एकमेकांना खोडून काढतात. शून्यही नाही, कारण खोडाखोड अगदी तंतोतंत होत नाही. उत्तर आहे सुमारे १० पावलं, म्हणजे १०० चं वर्गमूळ. शाळेतलं सूत्र घ्या: (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग + ब वर्ग + २अब. ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन स्वतंत्र पावलं असतील, तर अब कधी +१, कधी −१; सरासरी शून्य. राहिली फक्त वर्गांची बेरीज. म्हणून अंतराचा वर्ग पावलांच्या संख्येइतका वाढतो आणि अंतर तिच्या वर्गमुळाइतकं.

पॅरिसमध्ये लुई बाशलिए याने १९०० साली आपल्या प्रबंधात हेच वर्गमूळ सरकारी कर्जरोख्यांवरच्या ऑप्शनना लावलं. आइन्स्टाइनने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीचं गणित मांडलं ते १९०५ साली. बाजाराचं गणित पाच वर्षं आधी झालं होतं, ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते.

आता निफ्टी २५,००० वर आहे आणि वार्षिक व्होलॅटिलिटी, म्हणजे भावाच्या चढउताराचं माप, १६ टक्के आहे असं धरू. वर्षात व्यवहाराचे दिवस सुमारे २५२, त्याचं वर्गमूळ जवळजवळ १६. म्हणजे एका दिवसाची नेहमीची हालचाल १ टक्का, २५० पॉइंट. ४ दिवसांची ४ टक्के नव्हे, २ टक्के. ९ दिवसांची ३, १६ दिवसांची ४ टक्के, म्हणजे १,००० पॉइंट.

यातून २५,००० च्या कॉलची किंमत काढू. हालचालींचं वितरण घंटेच्या आकाराचं मानलं, तर सरासरी अंतर, दिशा सोडून, प्रमाण विचलनाच्या, म्हणजे वर काढलेल्या नेहमीच्या हालचालीच्या, ०.८ पट येतं. कॉलवाल्याला वरच्या बाजूचेच पैसे मिळतात, म्हणून त्याचं निम्मं: ०.४ पट. (नेमका आकडा १ भागिले २π चं वर्गमूळ, ०.३९८९. व्याज इथे बाजूला ठेवलं आहे.) १६ दिवस उरले असताना प्रीमियम १,००० गुणिले ०.४, म्हणजे ४००. ९ दिवस उरले तर ३००, ४ दिवस उरले तर २००, एक दिवस उरला तर १००, आणि मग शून्य.

निफ्टी जागचा हलला नाही आणि व्होलॅटिलिटीही तीच राहिली, तर पहिले १०० जायला ७ दिवस लागले. पुढचे १०० जायला ५, त्यापुढचे ३, आणि शेवटचे १०० एकाच दिवसात गेले. ७, ५, ३, १. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात जेवढा पडतो, त्याच्या ३ पट दुसऱ्यात, ५ पट तिसऱ्यात, ७ पट चौथ्यात पडतो, हे गॅलिलिओने दाखवलं होतं. तिथे अंतर काळाच्या वर्गाने वाढतं, इथे उरलेला काळ प्रीमियमच्या वर्गाने मोजला जातो. वर्ग आला की लागोपाठच्या विषम संख्या येतातच.

या हिशेबात बाजार वर जाणार की खाली, हा प्रश्न कुठेही आला नाही. १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी दिलेल्या प्रसिद्ध सूत्रातही शेअरचा अपेक्षित परतावा लागत नाही. हालचाल किती मोठी, एवढंच लागतं. गुरू-शनीची स्थिती पाहून निफ्टीची दिशा सांगणारे आणि टेलिग्रामवर ‘एक्स्पायरीला (मुदत संपण्याच्या दिवशी) हमखास दसपट’ विकणारे लोक नेमकी दिशाच विकत असतात. त्यांनी आपलं प्रत्येक भाकीत आधी तारखेसह लिहून ठेवावं आणि चुकलेलीही मोजून दाखवावीत. तोवर त्यांना एक रुपयाही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक बारकावा. वरचं वर्गमूळ अ‍ॅट द मनी ऑप्शनला, म्हणजे बाजारभावाच्या लगतच्या स्ट्राइकला लागू पडतं. २६,५०० चा कॉल घेतलात तर चित्र वेगळं आहे. एक दिवस उरलेला असताना १,५०० पॉइंट चढणं म्हणजे नेहमीच्या हालचालीच्या ६ पट. त्याची टाइम व्हॅल्यू शेवटच्या दिवसाची वाट पाहत नाही, आधीच संपून जाते. एक-दोन रुपयांना मिळणारा ऑप्शन ‘स्वस्त’ वाटतो, तो यामुळे. ती किंमत त्या शक्यतेला साजेशीच असते.

आणि घंटेचा आकारही पूर्ण खरा नाही. बाजारात मोठे धक्के त्या वक्रातून निघतात त्याहून जास्त वेळा बसतात. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. तेव्हा व्होलॅटिलिटी स्वतःच कैकपटीने वाढलेली होती, तरीही ती घसरण असाधारण होती. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी १,३७९ पॉइंट घसरून २१,८८४.५० वर बंद झाला. आदल्या दिवशी २३,२५० चा पुट (त्या भावाने विकण्याचा हक्क) विकून थीटाची कमाई मोजत बसलेल्याच्या डोक्यावर बंद होताना १,३६५ पॉइंटांची इन्ट्रिन्झिक व्हॅल्यू होती.

घेणारा प्रीमियम भरून मोकळा होतो आणि मार्जिन, म्हणजे तोट्यापोटीची अनामत, विकणाऱ्याकडून घेतलं जातं, ते यासाठीच. २० नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने एक्स्पायरीच्या दिवशी निर्देशांकाचे ऑप्शन विकलेल्यांवर २ टक्के जादा मार्जिनही लावलं आहे. २५,००० च्या निफ्टीवर ते ५०० पॉइंट होतात, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या एका दिवसाच्या हालचालीच्या दुप्पट.