व्हिजिटर व्हिसावर कॅनडात आलेल्या जोडीदारासाठी पीआर: स्पॉन्सरशिपची पूर्ण माहिती

लग्न पुण्यात किंवा नाशकात झालेलं, दोघांपैकी एक आधीपासून कॅनडात, आणि दुसरा जोडीदार व्हिजिटर व्हिसावर इथे येऊन पोहोचलेला. आता पीआरसाठी, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या हक्कासाठी, परत जाऊन तिकडून अर्ज करायचा की इथूनच? मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांत या प्रश्नावर प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. ‘आधी परत जा, मगच अर्ज होतो’ हे एक. ते चुकीचं आहे, इथे राहूनही अर्ज करता येतो. ‘अर्ज टाकला ना, मग आता राहायला हरकत नाही’ हे दुसरं. हेही चुकीचंच, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी महागात पडणारं. म्हणून आधी त्याचंच बघू.

मुक्कामाची मुदत वेगळी, पीआरचा अर्ज वेगळा

पासपोर्टवरच्या व्हिसावर जी तारीख असते ती कॅनडात शिरण्याची मुदत असते, राहण्याची नव्हे. किती दिवस राहता येईल ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याने वेगळी तारीख लिहून दिली नसेल, तर आल्या दिवसापासून सहा महिने धरायचे. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेचा मुक्काम साधारण सहा महिन्यांचाच.

स्पॉन्सरशिपचा, म्हणजे कॅनडातल्या जोडीदाराने दुसऱ्याची हमी घेऊन केलेला पीआरचा, अर्ज दाखल झाल्याने ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. ती वाढवायला व्हिजिटर रेकॉर्डसाठी स्वतंत्र ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्याची फी १०० डॉलर, आणि मुदत संपायच्या निदान ३० दिवस आधी तो टाकावा असं इमिग्रेशन खातंच सांगतं. मुदतीच्या आत अर्ज गेला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं. याला ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणतात. मुदत उलटून गेलीच, तर ९० दिवसांच्या आत स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, पूर्ववत करून मागता येतं. त्याची फी वेगळी, आणि ते मिळेलच याची हमी नाही.

स्टेटस गेलेल्या जोडीदारालाही कॅनडातून अर्ज करू देणारं एक धोरण २००५ पासून आहे. व्हिसाची मुदत उलटणं त्यात चालतं. खोटी माहिती, गुन्हा किंवा आधीची हकालपट्टी चालत नाही. हे धोरण अडलेल्यांसाठी आहे. त्याच्या जोरावर मुदत संपू देण्यात काहीच शहाणपण नाही, कारण पुढे वर्क परमिट मागायची वेळ येते तेव्हा स्टेटस विचारलं जातं.

आता विमानतळाचं. ‘नवरा इथे राहतो हे सांगू नकोस, फिरायला आले म्हण’ असा सल्ला देणारे हितचिंतक सगळीकडे भेटतात. त्यांचं ऐकू नका. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) नुसार पुढे कायम राहायची इच्छा असणं हे पाहुणा म्हणून येण्याच्या आड येत नाही. दिलेली मुदत संपली तर आपण परत जाऊ, एवढं अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. परतीचं तिकीट, भारतातली नोकरी किंवा मंजूर रजा, सोबत असलेली पैशांची सोय यावरून ते पटतं. बॅगेत प्रेशर कुकर, भरलेला मसाल्याचा डबा आणि शाळेपासूनच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका असतील, तर ‘तीन आठवड्यांसाठी आले’ हे वाक्य टिकत नाही. आणि खोटं बोलल्याचं उघड झालं तर कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते. त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही.

इनलँड की आउटलँड?

इनलँड म्हणजे कॅनडात एकत्र राहणाऱ्या जोडीदारांसाठीचा वर्ग, आउटलँड म्हणजे मुळात परदेशातल्या जोडीदारासाठीचा. जोडीदार कॅनडात असला तरी हे दोन्ही मार्ग खुले असतात, आणि खरा निर्णय घ्यायचा तो इथेच.

इनलँड वर्गात दोघांनी कॅनडात एकाच घरी राहत असणं बंधनकारक आहे, आणि निकाल लागेपर्यंत ते तसंच चालू राहावं लागतं. मधे भारतात जायला कायद्याने मनाई नाही, पण परतताना विमानतळावर प्रवेश नाकारला गेला तर अर्जाचा पायाच निघून जातो. शिवाय अर्ज नामंजूर झाला तर इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येत नाही. फेडरल कोर्टात न्यायिक पुनर्विलोकनाची परवानगी मागणं एवढंच उरतं.

आउटलँडमध्ये, म्हणजे फॅमिली क्लासमध्ये, जाण्यायेण्याची मोकळीक असते आणि नकार आला तर स्पॉन्सरला अपिलाचा हक्क असतो. बदल्यात, कधी मुलाखतीला परदेशातल्या व्हिसा कार्यालयात बोलावणं येऊ शकतं, मग जावंच लागतं.

पूर्वी लोक इनलँड निवडायचे ते ओपन वर्क परमिटसाठी, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करण्याच्या परवान्यासाठी. मे २०२३ पासून आउटलँड अर्जदारालाही, तो कॅनडात स्पॉन्सरसोबत एकाच पत्त्यावर राहत असेल तर, हे परमिट मागता येतं. त्यामुळे इनलँडचं मोठं आकर्षण संपलं. गावी वडील आजारी आहेत, धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं आहे, म्हणजे वर्षभरात एखादी फेरी होणारच, अशा घरांनी माझ्या मते आउटलँडच निवडावं. कुठेही जायचं नाही आणि स्टेटस गेलेलं किंवा जायच्या बेतात आहे, त्यांना इनलँड सोयीचं.

स्पॉन्सर कोण होऊ शकतो

वय १८ पूर्ण आणि नागरिकत्व किंवा पीआर. पीआर असलेल्याने कॅनडात राहत असलं पाहिजे. नागरिक परदेशात असला तरी चालतो, पण जोडीदाराला पीआर मिळाल्यावर दोघं कॅनडात राहणार हे दाखवावं लागतं. अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी मदतीवर असलेले, दिवाळखोरीतून न सुटलेले, पोटगी थकवलेले किंवा आधीच्या कुणाच्या स्पॉन्सरशिपची देणी बाकी असलेले अपात्र ठरतात. स्वतःच जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर पीआर झालेल्याला, पीआर झाल्यापासून पाच वर्षं दुसऱ्या जोडीदाराला आणता येत नाही.

उत्पन्नाची किमान अट मात्र नाही. आईवडिलांना आणताना लागणारे उत्पन्नाचे आकडे लोक इथे आणून चिकटवतात आणि उगाच घाबरतात. नोकरीचं पत्र आणि कर विभागाचं मूल्यांकनपत्र जोडायचं ते जोडीदाराच्या मूलभूत गरजा भागवू शकता हे दिसावं म्हणून.

स्पॉन्सर तीन वर्षांचं हमीपत्र देतो. ही मुदत जोडीदार पीआर झाल्या दिवसापासून सुरू होते. त्या काळात जोडीदाराने सरकारी आर्थिक मदत घेतली तर ती स्पॉन्सरकडून वसूल होते. मधे घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही. उलट बाजूने, पीआर मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे ही २०१२ मधली अट २०१७ मध्ये काढून टाकली आहे. ‘सोडून गेलीस तर तुझा पीआर जाईल’ अशी धमकी कुणी देत असेल तर तिला आज आधार नाही.

क्वेबेकमध्ये राहणाऱ्यांनी प्रांताची वेगळी प्रक्रिया, वेगळं हमीपत्र आणि अर्जसंख्येवरची मर्यादा आधी तपासावी.

रजिस्टर लग्न आधी, अक्षता नंतर

आपल्याकडे सर्रास होतं असं: साखरपुड्याच्या सुमारास ‘व्हिसाला लागेल’ म्हणून रजिस्टर लग्न उरकायचं आणि विधिवत लग्न सहा महिन्यांनी हॉल मिळेल तेव्हा. घरच्यांच्या लेखी लग्न दुसऱ्या तारखेला झालेलं असतं. कॅनडाच्या लेखी ते पहिल्या तारखेला झालं.

या दोन तारखांच्या मधे मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा पीआर आला आणि लँडिंगच्या वेळी, म्हणजे प्रत्यक्ष पीआर होताना, ‘अविवाहित’ असंच राहू दिलं, तर प्रकरण गंभीर आहे. स्वतः पीआर होताना ज्या कुटुंबीयाची माहिती दिली नाही आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, त्याला नंतर स्पॉन्सर करता येत नाही. काही ठरावीक प्रकरणांत सूट देणारं तात्पुरतं धोरण आहे, पण ते सगळ्यांना लागू होत नाही. तुमचं प्रकरण असं असेल तर स्वतः फॉर्म भरत बसू नका. वकील किंवा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार गाठा. परवाना नसलेल्या एजंटाने पैसे घेऊन असा सल्ला देणं कॅनडात बेकायदा आहे.

तारखा दोन असतील पण लँडिंगचा घोळ नसेल, तर घाबरायचं कारण नाही. फॉर्ममध्ये कायदेशीर तारीख म्हणून नोंदणीचीच द्या आणि समारंभ नंतर का झाला ते दोन ओळींत सांगा. व्हिडिओ कॉलवर किंवा प्रतिनिधीमार्फत लागलेलं लग्न मात्र जून २०१५ पासून धरलं जात नाही. दोघंही प्रत्यक्ष हजर हवेत.

कागदपत्रं

अर्ज पीआर पोर्टलवर ऑनलाइन भरतात. स्पॉन्सरचा मुख्य फॉर्म आयएमएम १३४४, नात्याची प्रश्नावली आयएमएम ५५३२, जोडीदाराचे आयएमएम ०००८, ५६६९ आणि ५४०६, आणि काय काय जोडायचं त्याची यादी आयएमएम ५५३३. ही यादी त्याच दिवशी संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मित्राने दोन वर्षांपूर्वी वापरलेली नको.

विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसचा, गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारचा. लग्नपत्रिका किंवा मंगल कार्यालयाची पावती त्याची जागा घेत नाही. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, आणि भाषांतरकार कॅनडात प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही. मावशी इंग्रजीच्या प्राध्यापिका असल्या तरी घरच्या माणसाचं भाषांतर चालत नाही.

नावाची भानगड जरा सविस्तर सांगतो. पदवीवर माहेरचं नाव, वडिलांच्या नावासह. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे. आधारवर अर्धं हे, अर्धं ते. आणि एखाद्या घरी लग्नात तांदळात लिहिलेलं नवं नावही. भारतीय पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात, स्वतःच्या नावाला जोडून येतं. फॉर्ममध्ये नाव पासपोर्टबरहुकूम भरायचं, आणि बाकीची सगळी रूपं ‘वापरलेली इतर नावं’ या प्रश्नाखाली द्यायची. तो प्रश्न ‘नाही’ म्हणून सोडून दिला की पुढे पोलीस दाखला एका नावाचा आणि पदवी दुसऱ्या नावाची, असं होऊन पत्रव्यवहार लांबतो.

पोलीस दाखला, म्हणजे पीसीसी, गेल्या दहा वर्षांत वयाच्या १८ नंतर जिथे जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहणं झालं त्या प्रत्येक देशाचा. कॅनडाचा लागत नाही. भारताचा पीसीसी कॅनडात असताना भारतीय वकिलातीमार्फत मिळतो. दुबई किंवा सिंगापूरला नोकरी झाली असेल तर त्याच्या मागे आधी लागा.

नातं खरं आहे याचे पुरावे हा अर्जाचा गाभा. फोटो जास्तीत जास्त २०, चॅट आणि पत्रव्यवहाराची पानं जास्तीत जास्त १०. आठशे फोटोंच्या अल्बममधून वीस काढायचे तर फोटोग्राफरने पोझ देऊन काढलेले मागे ठेवा. अंतरपाट, दोन्हीकडची माणसं एकत्र असलेली पंगत, पुढच्या वर्षीचा गणपती, इथल्या घरातला साधा दिवस असे निवडा. सोबत दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त बँक खातं, एकाच पत्त्यावरचे विमा किंवा फोनचे कागद. नुकत्याच आलेल्या पाहुण्याच्या नावावर काहीच नसतं, म्हणून आल्याबरोबर भाडेकरारात नाव घालून घ्या.

कांदेपोह्यांचं लग्न आहे म्हणून लाजून प्रेमकथा रचू नका. स्थळ कोणी आणलं, पहिली भेट कुठे झाली, लग्नाला कोण कोण होतं, हे फॉर्म विचारतोच. ठरवून झालेलं लग्न चालतं. दोघांची उत्तरं एकमेकांशी न जुळणं चालत नाही.

पैसे आणि पुढचे टप्पे

३० एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार स्पॉन्सरशिप ८५, प्रक्रिया ५४५ आणि पीआर हक्काची फी ५७५, मिळून १,२०५ डॉलर; बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ धरून १,२९०. हे दर दोन वर्षांनी बदलतात, तेव्हा भरण्याआधी ताजा आकडा पाहा. ५७५ डॉलर नकार आल्यास परत मिळतात.

अर्ज पूर्ण असल्याचं तपासून झालं की पोचपावती, म्हणजे एओआर, येते. अपुरा असेल तर तो परतच येतो आणि रांगेतली जागा जाते. एओआर हाती आला की ओपन वर्क परमिट मागा. फी वर्क परमिटची १५५ अधिक ते ‘ओपन’ असल्याची १०० डॉलर. परमिट मिळेपर्यंत काम करायचं नाही, ओळखीच्या दुकानात ‘हात लावू’ म्हणूनही नाही.

व्हिजिटर व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले असले तरी पीआरसाठी पुन्हा द्यावे लागतात. वैद्यकीय तपासणी खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, सूचना आल्यावर. मधुमेह किंवा जुनं हृदयाचं दुखणं निघालं तरी ‘आरोग्यसेवेवर जास्त भार’ या कारणाने जोडीदाराला नाकारता येत नाही, ही सूट नियमातच आहे. तोवर पाहुण्याचा खासगी आरोग्य विमा चालू ठेवा.

शेवटी पोर्टलवर पत्ता आणि फोटो मागवला जातो आणि पीआरचं इलेक्ट्रॉनिक पुष्टिपत्र मिळतं. कार्ड नंतर टपालाने येतं. भारताचं तिकीट काढायचं असेल तर कार्ड हातात पडेपर्यंत थांबा: कॅनडाकडे येणाऱ्या विमानात चढताना कार्डच दाखवावं लागतं, पुष्टिपत्र चालत नाही.